परगावची भरती

१

भरतीमास्तर मंगळवारी सकाळी साडेआठला सापडले. धक्क्याच्या शेवटच्या पायरीखाली दगडी कट्टा आहे, त्यावर पालथे पडले होते. कपडे ओलेचिंब, डोक्याच्या मागे खोक, एका पायात गमबूट. दुसरा पाण्याने नेला होता.

पहिल्यांदा पाहिलं ते बोटवाल्याने. प्रवासी बोटीत चढवताना त्याची नजर खाली गेली आणि त्याच्या हातातलं तिकिटांचं पुडकंच खाली पडलं.

सत्तावीस वर्षं या माणसाने एकच काम केलं होतं. कट्ट्याला लागून समुद्रात रोवलेल्या खांबावर मीटर आणि सेंटिमीटर रंगवलेले होते. रोज ठरल्या वेळी खाली उतरायचं, पाणी कुठवर आलं ते वाचायचं, वर खोलीत येऊन वहीत लिहायचं. गाव त्यांना भरतीमास्तर म्हणायचं. नोकरी संपल्यावरही ते लिहीतच राहिले, कारण त्यांच्या जागी सरकारने दुसरं कोणी नेमलंच नाही.

फौजदाराने दुपारपर्यंत निकाल लावला. चौसष्टीचा माणूस, शेवाळलेला दगड, पाय घसरला, डोकं आपटलं, पाण्यात गेले. वर खोलीत वही उघडी होती आणि त्याच सकाळची नोंद शिसपेन्सिलीने लिहिलेली होती. म्हणजे रोजच्यासारखे एकटेच आले होते. संशयाला जागा नाही.

पण त्याच दुपारी सरकारी विश्रामगृहात दुसरा एक कागद टाइप झाला. किनारा पर्यटन धोरणाची जनसुनावणी गुरुवारी अकराला होती. सर्वांत मोठ्या भरतीची रेषा धरायची आणि तिच्यापासून पन्नास मीटर सोडून पक्कं बांधकाम करू द्यायचं, असं धोरण होतं. ती रेषा कुठे, यावरून दोन महिने वाद चालला होता. मास्तरांच्या वहीतल्या आकड्यांवरून निघणारी रेषा आणि नव्या नकाशातली रेषा यांत चाळीस पावलांचा फरक होता. त्या चाळीस पावलांत एकशेवीस खोल्यांचं पर्यटक निवास बसत होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘वय व प्रकृती पाहता निरीक्षकांच्या नोंदी विश्वसनीय मानता येत नाहीत. खांब वाचतानाच त्यांना पाण्याचा अंदाज न आल्याने त्यांचा मृत्यू झाला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.’

त्याची एक प्रत मास्तरांच्या घरीही आली. त्यांच्या बायकोने ती दोनदा वाचली आणि फोन उचलला.

“भाऊजी, तुमच्या मित्राला पाणी कळत नव्हतं असं सरकारने लिहिलंय. तुम्ही या.”

२

पलीकडे होते जुने मोजणीदार. किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. तो खांब मास्तरांबरोबर त्यांनीच रोवला होता. आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. तेव्हापासून त्यांच्याकडे वेळच वेळ होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. पिशवीत एक सदरा टाकून ते निघाले आणि पाचच्या सुमारास धक्क्यावर पोचले.

फौजदार ओळखीचा निघाला. “बघा हवं तर,” तो म्हणाला, “पण वहिनींच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका. आधीच बाई रडत नाहीये. न रडणाऱ्या बायकांची मला भीती वाटते.”

खोली दहा बाय बारा होती. पत्र्याचं टेबल, दोरीने बांधलेली पेन्सिल, भिंतीवर मोठ्या बंदराचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता. मोजणीदारांनी वही उलटी चाळायला सुरुवात केली. शेवटच्या पानावरून मागे, महिनाभर मागे, मग वर्षभर मागे. फौजदार दारात उभा राहून जांभया देत होता.

“काय शोधताय?”

“शेवटची नोंद वाच.”

फौजदार वाकला. “सहा वीस. तीन पूर्णांक बासष्ट. पाणी उतरतं. बरं मग? अक्षर त्यांच्यासारखंच आहे.”

“आकडे आहेत. आकडे सगळ्यांचे सारखेच येतात, जरा जपून काढले तर. शेवटचा रकाना बघ. आता बाकीच्या पानांवर तोच रकाना बघ.”

फौजदाराने पानं उलटली, मग फळीवरच्या जुन्या वह्याही चाळल्या. शेवटच्या रकान्यात वारा होता, ढग होते, एका ठिकाणी ‘धुकं, खांब दिसेना’ होतं. सत्तावीस वर्षांत ‘चढतं’ नव्हतं आणि ‘उतरतं’ही नव्हतं.

“एकदा खांब वाचला तर पाणी कुठे आहे एवढंच कळतं,” मोजणीदार म्हणाले. “चढतंय की उतरतंय हे कळायला थांबून दुसऱ्यांदा वाचावं लागतं. खांब नवा होता तेव्हा मी एकदा असंच लिहायला गेलो होतो. मास्तरांनी माझ्या हातून वही काढून घेतली. म्हणाले, जे डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते वहीत लिहायचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही नोंद झाली तेव्हा इथे दुसरं कोणीतरी होतं.”

फौजदार वळून, कोणी ऐकतंय का ते पाहून आला.

३

वहिनींनी चहा ठेवला. मास्तरांचं पार्थिव अजून इस्पितळातच होतं, आणि घरात शेजारणींची ये-जा चालू होती. वहिनींनी त्यांना हळूच बाहेर काढलं आणि दार लोटलं.

“सोमवारी संध्याकाळी फोनवर बोलत होते. मी भाजी निवडत होते, अर्धंच ऐकलं. ‘उद्या सकाळी सहाला धक्क्यावर या, आपली भरती दाखवतो,’ असं म्हणाले.”

“कोणाशी?”

“ते नाही कळलं. घरच्या फोनवरून बोलत होते, त्यात नंबर उरत नाही.”

“बोटवाल्याशी असेल?”

“त्याच्याशी? भाऊजी, त्याला हे कधी ‘या’ म्हणाले आहेत? ‘ये रे गाढवा’ म्हणायचे. तोही आनंदाने यायचा. हे कोणाला तरी ‘या’ म्हणत होते. शाळेत पाहुणे आले की बोलतात ना, तसं.”

मोजणीदारांनी कप खाली ठेवला. “आणि आपली भरती म्हणजे?”

“तुम्हाला ठाऊक आहे की. त्या भिंतीवरच्या तक्त्याला हे परगावची भरती म्हणायचे. तक्ता सरकारी म्हणून काढत नव्हते, पण बघतही नव्हते.” त्यांनी कप उचलून बाजूला ठेवला. “भाऊजी, मला कोणाला फासावर चढवायचं नाही. पण परवा लोकांसमोर तो कागद वाचतील. सत्तावीस वर्षं पहाटे उठून हा माणूस जे करत होता, तेच त्याला येत नव्हतं असं वाचतील. मला ते ऐकून घेता येणार नाही.”

बोटवाला कोपऱ्यावरच्या दुकानात भेटला. रुंद, बडबड्या आणि घाबरलेला.

“काका, भांडण झालं होतं, नाही म्हणत नाही. दर्या खवळला की मास्तर लाल बावटा लावायचे आणि माझ्या फेऱ्या बंद. मागच्या महिन्यात मी त्यांना बोललो, तुम्ही जाल तेव्हा मी पेढे वाटीन.” त्याने स्वतःच्या तोंडावर चापट मारली. “तोंडाला हाडच नाही माझ्या.”

“मंगळवारी सकाळी सहाला कुठे होतास?”

“बोटीचं इंजिन उघडून बसलो होतो, खाडीपलीकडे. साक्षीला कोणी नाही. मला अडकवणार का हो?”

“एक सांग. त्या सकाळी पाणी किती वाजेपर्यंत चढलं?”

बोटवाल्याने विचार न करता उत्तर दिलं. मोजणीदारांनी मान हलवली आणि त्याला बजावलं, “हे परवापर्यंत कोणाला बोलू नकोस. अगदी कोणालाही. यावर कोणाचा तरी गळा आवळला जाणार आहे.”

४

बुधवारी सकाळी सातलाच मोजणीदार कट्ट्यावर जाऊन उभे राहिले. तक्त्याप्रमाणे भरती त्याच वेळी पूर्ण व्हायची होती. त्यांनी दहा मिनिटं थांबून खांब वाचला. तीन पूर्णांक सहासष्ट. पौर्णिमा येत्या रविवारी होती, पाणी रोज थोडं थोडं वाढत होतं. म्हणजे आदल्या दिवशी तक्त्याच्या भरतीनंतर दहा मिनिटांनी तीन पूर्णांक बासष्ट असणं अगदी बरोबर होतं. तरी ते तिथून हलले नाहीत. बूट ओले झाले, मग मोजे, मग विजारीचे पाय. सव्वा तासाने ते वर आले तेव्हा फौजदार वाट पाहत होता.

“काय मिळालं?”

“आकडा खरा आहे. कोणीतरी इथे उभं राहून, नीट बोट लावून वाचलेला. शब्द तेवढा खोटा आहे.”

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात धोरणाच्या उपसचिव बाई फायली पसरून बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तो कागद त्यांनीच लिहिला होता.

“मला मास्तरांबद्दल वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण माझ्यासमोर दोन रेषा होत्या. एकीमागे उपग्रह आहे, ड्रोन आहे, अहवाल आहे. दुसरीमागे एक म्हातारा आणि पेन्सिल. मंत्र्यांना मी काय सांगू?”

“माझ्याबरोबर दोन मिनिटं धक्क्यावर याल?”

बाई आल्या. मोजणीदारांनी वरूनच खांब दाखवला. “पाणी आत्ता किती आहे, वाचता?”

बाईंनी डोळे बारीक केले. मग खांबाच्या वरच्या टोकाकडे, कोरड्या लाकडावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. “पाच?”

“हं.”

“चुकलं का?”

“चुकलं ते बरं झालं,” मोजणीदार म्हणाले. बाईंना त्याचा अर्थ लागला नाही आणि त्यांनी विचारलाही नाही.

धोरणाचा नवा नकाशा ज्याने काढला होता तो नकाशेवाला विश्रामगृहातच, वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत होता. पस्तिशीचा, मऊ बोलणारा, उठून खुर्ची देणारा. त्याने पडद्यावर किनारा मोठा करून दाखवला. वाळू पिवळी, पाणी निळं आणि मध्ये केसाएवढी लाल रेषा.

“सर, भावना मी समजू शकतो. मास्तर मला वडिलांसारखे होते. पण आमची रेषा अंदाजाने काढलेली नाही. वर्षातली सर्वांत मोठी भरती निवडली. भरती पूर्ण झाली त्या मिनिटाला ड्रोन उडवला.”

“मिनिट कोणी सांगितलं?”

“सरकारी तक्ता आहे ना. तो आम्हाला पाठ असतो.”

“मास्तर तुमच्याशी कधी बोलले याबद्दल?”

“नेहमीच. रेषा चुकलीय, एवढंच म्हणायचे. का, ते कधी सांगितलं नाही. म्हणायचे, सांगून कळणार नाही, दाखवावं लागेल.” तो हसला. “जुनी माणसं अशीच असतात, नाही का?”

“दाखवलं का मग?”

“नाही हो. राहूनच गेलं.”

मोजणीदार उठले. दारात थांबून म्हणाले, “उद्या सकाळी पावणेआठला धक्क्यावर या. सुनावणीआधी एक खात्री करून घेऊ. बाईही येणार आहेत.”

ते सावकाश जिना उतरले. चोर सापडला याचं समाधान त्यांना वाटत नव्हतं. त्या माणसाला आपण काय केलंय हे अजून ठाऊकच नाही, असा एक गार संशय त्यांच्या मनात येत होता.

५

गुरुवारी आभाळ राखाडी होतं. वारा नव्हता. पाणी तेलासारखं जड दिसत होतं आणि आवाज न करता खडकांच्या फटींत शिरत होतं. वहिनी पायऱ्यांच्या वर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर वही घेऊन. खाली कट्ट्यावर फौजदार, बाई, बोटवाला आणि नकाशेवाला. कट्टा पाण्याच्या चार बोटं वर, कोरडा.

“एकच प्रश्न,” मोजणीदार म्हणाले. “पाणी चढतंय की उतरतंय?”

“मला कसं कळणार?” बाई म्हणाल्या.

बोटवाल्याने मोजणीदारांकडे पाहिलं आणि ओठ दाबून धरले.

नकाशेवाल्याने घड्याळ पाहिलं. “उतरतंय. सात पन्नासला भरती पूर्ण झाली. पाच मिनिटं झाली.”

“मग थांबू या. तुम्ही तिथेच उभे राहा.”

दहा मिनिटांनी पाण्याची एक जीभ कट्ट्यावर आली आणि मागे गेली. नकाशेवाला जरा सरकला. पुढची जीभ मागे गेली नाही. आणखी दहा मिनिटांनी त्याच्या बुटांचे तळ बुडाले. बाई दोन पायऱ्या वर चढल्या. नकाशेवाला तिथेच होता. तो एकदा घड्याळाकडे आणि एकदा पायांकडे पाहत होता, त्यातलं एक काहीतरी खोटं असल्यासारखं.

“लाट असेल,” तो म्हणाला.

“वारा नाही, लाट कुठली?” मोजणीदार म्हणाले. “तक्ता मोठ्या बंदराचा आहे, ते उघड्या समुद्रावर आहे. या खाडीचं तोंड अरुंद. पाणी आत यायला वेळ घेतं. इथली भरती तक्त्यानंतर सव्वा तासाने पूर्ण होते. तक्त्याच्या वेळेनंतर पाणी अजून दीड वीत चढतं. ही वाळू सपाट आहे, इथे दीड वीत पाणी म्हणजे चाळीस पावलं किनारा. तुमचा ड्रोन सव्वा तास लवकर उडाला.”

बाईंनी पायरीवरच खाली बसून घेतलं.

“आता वहीतली नोंद,” मोजणीदार पुढे म्हणाले. “ज्याने ती लिहिली त्याला खांब वाचता येतो. बाईंना येत नाही. ज्याने ती लिहिली त्याला तक्ता खरा वाटतो. बोटवाला तक्त्यावर चालला असता तर त्याची बोट रोज गाळात रुतली असती. आणि मास्तरांनी ज्याला बोलावलं त्याला ते ‘या’ म्हणाले. खांब वाचता येणारा, तक्त्यावर विश्वास ठेवणारा आणि अहो-जाहोतला असा इथे एकच माणूस आहे.”

पाणी नकाशेवाल्याच्या घोट्यांपर्यंत आलं होतं. त्याचा चेहरा मेणासारखा झाला. तो जे बोलला ते कोणाला उद्देशून नव्हतं.

“पण उतरत होतं. मी गेलो तेव्हा उतरत होतं.”

फौजदाराने पुढे होऊन त्याचा दंड धरला. मग नकाशेवाला तुकड्यातुकड्यांनी बोलत राहिला. मास्तर म्हणाले, थांबा, तासभर थांबा आणि बघा. त्याला थांबायचं नव्हतं, सहा वीस झाले होते, अहवाल पाठवायचा होता. मास्तरांनी बाही धरली. त्याने झटका दिला. मास्तर मागे पडले, कट्ट्याच्या कडेवर डोकं बसलं.

“श्वास चालू होता. मी पाहिलं. त्यांना तिथेच कुशीवर वळवलं. वाटलं, पाणी उतरतंय, कट्टा कोरडा राहील, थोड्या वेळाने शुद्धीवर येतील. कोणाला सांगितलं असतं तर सुनावणी पुढे गेली असती. मी तिथे होतो हे कळू नये म्हणून वर जाऊन नोंद केली. मी मारलं नाही त्यांना.”

वहिनी उठून पायऱ्यांच्या तोंडाशी आल्या.

“श्वास चालू होता?”

त्याने मान खाली घातली. “हो.”

“आणि तुम्ही घड्याळ बघून निघून गेलात.”

फौजदार त्याला वर घेऊन गेला. जाताना नकाशेवाल्याने दोनदा मागे वळून पाण्याकडे पाहिलं.

६

बाईंनी पर्समधून तो टाइप केलेला कागद काढला आणि फाडायला लागल्या. वहिनींनी त्यांचा हात धरला.

“फाडू नका. त्यावरच दुरुस्ती करा आणि सगळ्यांसमोर वाचा. यांना पाणी कळत होतं, एवढं मोठ्याने वाचा. बाकी मला काही नको.”

“वाचते,” बाई म्हणाल्या. “वहीतलीच रेषा कायम होईल. मी सही करते.” त्यांनी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, तीन ओळी खोडल्या आणि दोन लिहिल्या. वहिनींनी त्या वाचल्या. एक काना राहिला होता तो दाखवला. मग त्या पहिल्यांदा रडल्या. बोटवाला तोंड फिरवून उभा राहिला.

मोजणीदार वहिनींना बाकावर बसवून शेजारी बसले. त्यांची स्वतःची बायको गेली तेव्हा लोक खूप बोलले होते आणि त्यातलं काहीच त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. मास्तर तेवढे नुसते शेजारी बसून होते.

बाई मात्र अजून पेन हातात धरून होत्या. पाणी आता कट्ट्यावर वीतभर चढलं होतं.

“मोजणीदार,” त्या हलकेच म्हणाल्या, “धोरणात पंधरा किनारे आहेत. सगळ्यांच्या रेषा याच माणसाने काढल्या.”

“याच तक्त्यावरून?”

“तक्ता एकच आहे.”

मोजणीदारांनी नावं विचारली. बाईंनी पाठ सांगितली. हे सोडून आणखी पाच किनारे अरुंद तोंडाच्या खाड्यांमधले होते. मोजणीदारांना ते एकेक करून ठाऊक होते, तरुणपणी त्यांनीच मोजले होते.

“बांधकाम कुठे सुरू झालंय?”

“एका ठिकाणी पूर्ण झालंय. नमुना प्रकल्प. मागच्या महिन्यात मंत्र्यांनी उद्घाटन केलं.” बाईंचा आवाज खाली गेला. “पौर्णिमेची सगळी आरक्षणं भरलीत. समुद्राला लागून खोल्या, अशी जाहिरात आम्हीच केली.”

“तिथे भरती वाचणारं कोणी आहे?” वहिनींनी विचारलं.

“ती पदं गेल्या वर्षी रद्द झाली.”

“मग फोन लावा.”

बाईंनी लावला. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून फोन हातावर आडवा धरला. पलीकडे बराच गलका होता. लहान मुलं ओरडत होती, कोणीतरी हसत होतं. व्यवस्थापक आनंदात होता.

“नमस्कार मॅडम! तुम्ही आत्ता इथे असायला हवं होतं. काय सुंदर पाणी आलंय! ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत. पाहुणे पाय सोडून बसलेत, फोटो काढतायत.”

मोजणीदारांनी घड्याळ पाहिलं. नऊला दहा कमी होते. ती खाडी याहून लांब होती आणि तिचं तोंड याहून अरुंद. आणि पौर्णिमा अजून तीन दिवसांवर होती.

“त्यांना विचारा,” ते बाईंना म्हणाले, “चढतंय की उतरतंय.”

बाईंनी विचारलं.

“उतरतंय की, मॅडम,” व्यवस्थापक म्हणाला. “तक्ता समोरच लावलाय. केव्हाच उतरायला लागलंय.”

त्याच्या मागे एक मूल खिदळत ओरडलं, की बघा, माझी चप्पल तरंगायला लागली.